शकुंतलाबाईंचा रक्तदाब

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचे एक जुने यंत्र आहे. लाकडी पेटी, आत पाऱ्याची काचनळी, हवा भरायचा रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा देह. सिंदीच्या डॉक्टर प्रभाकररावांनी मला नागपुरातून आणले. बाजाराच्या दिवशी मला उसंत नसे. "डॉक्टरच्या पेटीले सारं समजते," असे लोक म्हणत आणि मी फुलून जाई.

१९५६ साली कापसाचे व्यापारी पुंडलिकराव डॉक्टरांना घरी घेऊन गेले. त्यांची बायको शकुंतलाबाई झोपत नव्हती. भिंतीतून कुणी शिव्या देते म्हणे, आणि भिंतीवर डोके आपटी. घरच्यांनी तिला खोलीत कोंडले होते. डॉक्टरांनी आधी कडी काढायला लावली, मग सर्पगंधेच्या गोळ्या सुरू केल्या. वेडावरचे औषध म्हणून त्या गोळ्यांचे नाव नुकतेच होऊ लागले होते. त्या गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, म्हणून दर आठवड्याला माझा पट्टा तिच्या दंडाला बांधला जाई.

ती झोपू लागली. भिंतीतले आवाज विरले. "गाईसारखी शांत झाली," पुंडलिकराव हात जोडून म्हणाले. त्या दिवशी माझा पारा फारच खाली थांबला होता. डॉक्टरांनी पट्टा सोडला, पण ते उठले नाहीत.

"तुम्हाले कसं वाटते, बाई?"

तोवर डॉक्टर हे तिच्या नवऱ्यालाच विचारत आले होते. आता ते तिच्या उत्तराची वाट पाहत बसून राहिले.

"काल माही मीरा ओट्यावरून पडली," ती म्हणाली. "रक्त आलं. मी पाहतच राह्यली. उठावं असं वाटलंच नाई. मी माय आहो ना तिची?"

पुंडलिकरावांनी मान खाली घातली. "मले वाटलं, बरी झाली."

डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या केल्या.

"अन् आवाज परत आले तं?" पुंडलिकरावांनी विचारले.

"तं मले बोलवा. कडी लावू नका."

पोळ्याच्या सुमारास आवाज एकदा आले. तिने ते स्वतःच सांगितले आणि पुंडलिकराव दुकान बंद करून तिच्याजवळ बसून राहिले. हळूहळू माझा पाराही वर सरकू लागला. दिवाळीनंतर एकदा पट्टा तिच्या दंडावर असताना छोट्या मीराने माझा फुगा दाबला.

"हात नोको लावू, फुटन ते," शकुंतलाबाई खेकसली आणि लगेच पोरीला मांडीवर ओढून घेऊन तिचे केस सारखे करू लागली. डॉक्टरांनी मोजणे थांबवले. त्यांना घाई नव्हती.

आता माझे रबर तडकले आहे, पारा काळवंडला आहे. माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. पण मित्रांनो, घरातले आजारी माणूस गप्प झाले, तर ते बरे झाले असे समजून उठून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.