अव्होकाहून आलेलं खोकं

नोलीन पॅस्कोने पँटचा मागचा खिसा उलटा केला, त्यातून निघालेला कागदी रुमालाचा गोळा नाकापाशी नेला आणि निकाल दिला, "सिगारेट. बायकोला सांगितलं असणार, सोडली म्हणून."

"अगं बये, लोकांनी दान दिलंय ते," टेबलापलीकडून ग्लेनिस म्हणाली. "चोरीचा माल नाही पकडलेला आपण."

"दान देणाऱ्याचेच खिसे आधी बघावेत."

चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात, मागच्या खोलीत, या दोघी नऊ वर्षं सोमवार-बुधवार कपडे निवडत होत्या. चांगलं हँगरवर, फाटकं चिंध्यांच्या पोत्यात, डाग असलेलं कचऱ्यात. ग्लेनिस कपडा बघायची. नोलीन कपड्यामागचा माणूस बघायची. एकाच घरातून पुरुषाचे सगळे शर्ट आले की मयत; नुसते चांगले शर्ट राहून बाकीचे आले की घटस्फोट. त्याआधी ती सव्वीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये होती आणि तिथेही कुठल्या पोराने आईचं नाव सांगून सँडविच फुकट नेलं हे तिला चेहऱ्यावरून कळे. संशय हा तिचा स्वभाव होता आणि तिला त्याचा अभिमानही होता.

त्या दिवशी अव्होकाची खोकी आली होती. त्याचं असं आहे की मेरीबरोचा माणूस आपलं सामान मेरीबरोत देत नाही. दिलं तर चार दिवसांनी आपलाच स्वेटर घालून कोणी तरी बँकेच्या रांगेत उभं असतं. मग त्याने आपल्याकडे बघायचं नाही आणि आपण त्याच्याकडे. म्हणून शहाणी माणसं पंचवीस किलोमीटर गाडी हाणून अव्होकाच्या दुकानात देऊन येतात आणि अव्होकाची शहाणी माणसं इकडे येतात. मात्र वर्षभरापासून दोन्ही दुकानांतल्या बायकांनी न खपलेलं सामान महिन्यातून एकदा अदलाबदल करायला सुरुवात केली होती. म्हणजे शहाण्यांचं शहाणपण पाण्यात. हे बाहेर कोणी बोलत नसे. नोलीनने घरी मात्र क्लाइव्हला दहादा तरी सांगितलं असेल. नवरा कधी ऐकतो का?

तिसऱ्या खोक्यात वर टॉवेल होता. टॉवेलाखाली तपकिरी चामड्याची पिशवी, आणि पिशवीत बोल्सचे, हिरवळीवर घरंगळत टाकायच्या त्या खेळाचे, चार काळे गोळे. नोलीनने एक उचलून फिरवला. कडेला कोरलेला कूकाबरा पक्षी, त्याच्या खाली दोन अक्षरं, सी. पी.

तिचे हात थांबले.

"कोणाचे गं?" ग्लेनिसने मान वर केली.

"कोणाचे असणार? असेल कोणी तरी म्हातारा."

"मेला असेल बिचारा. नाहीतर गोळे कोण देतं?"

मेला नव्हता. आज सकाळीच त्याने दोन टोस्ट खाल्ले होते. आणि गेल्या मंगळवारी, गेल्या गुरुवारी, त्याआधीच्याही सगळ्या मंगळवारी नि गुरुवारी तो पांढरे कपडे करून, टोपी घालून, "बोल्सला जातोय गं नोली," म्हणून घरातून गेला होता. तीन वाजता परत यायचा. हातात अव्होकाच्या बेकरीची कागदी पिशवी असायची, तिच्यासाठी व्हॅनिला स्लाइस. क्लबातला कोणी तरी तिकडून आणतो, असं तो सांगायचा.

नोलीनने खोक्यात पुन्हा हात घातला. क्लाइव्हचे मासेमारीचे बूट. क्लाइव्हचा निळा थर्मास. तिने स्वतः विणलेलं मरून रंगाचं जाकीट, कोपरावरच्या ठिगळासकट.

"मी जाते घरी," ती म्हणाली. "डोकं दुखतंय."

"तुझं डोकं? तुझं दुखत नाही कधी, दुसऱ्यांचं दुखतं," ग्लेनिस म्हणाली, पण नोलीनचा चेहरा बघून तिने चेष्टा तिथेच सोडली. "काय झालं गं?"

नोलीनने सांगून टाकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे सांगायला स्वतःचं काही होतं.

ग्लेनिसने दोन नवरे पाहिले होते. ती हळूच म्हणाली, "सत्तरीतला पुरुष आपणहून घर आवरायला लागला ना, की समजावं, एक तर वर जायची तयारी, नाहीतर दुसरीकडे."

घरी क्लाइव्ह मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होता. नोलीनने पाय न वाजवता त्याचं कपाट उघडलं. पाच शर्ट. पूर्वी दाटीने लटकत, आता एकेकात वीतभर अंतर. शेडमध्ये डोकावली. भिंत अर्धी मोकळी. स्वयंपाकघरातला दुसरा ड्रॉवर ओढला, तर बटाट्याची सोलाणी तीन होती, तिथे एकच. मुलगी केव्हापासून म्हणत होती, आई, घरातला पसारा कमी करा. म्हणून क्लाइव्ह आवरतोय ते बघून नोलीन मनात सुखावली होती. लोकांचे खिसे तपासणारी बाई, आणि स्वतःच्या घरातून सामान चाललंय ते तिला दिसलं नाही. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

पण सोलाणी कशाला? दुसरीकडे बिऱ्हाड मांडणारा माणूसच सोलाणी नेतो. अव्होकाच्या बेकरीत एक विधवा बाई होती, गुबगुबीत, सगळ्यांना राजा म्हणणारी. क्लाइव्हला ती एकदा नोलीनच्या देखत राजा म्हणाली होती आणि क्लाइव्ह लाजला होता.

रात्रीच्या जेवणाला तिने कोकराचे चॉप्स केले आणि अगदी सहज विचारलं, "उद्या बोल्स आहे ना?"

"आहे की."

"गोळे कुठायत तुझे? दिसले नाहीत."

क्लाइव्हने चॉप कापता कापता थांबून विचार केला. "गाडीत आहेत," तो म्हणाला.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता असं नाही. पण खोटं त्याला जमायचं नाही, कान लाल व्हायचे. आज कान लाल झाले नाहीत. त्या रात्री नोलीन त्याच्याकडे पाठ करून झोपली आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

मंगळवारी क्लाइव्हची गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि ग्लेनिसची लाल गाडी फाटकाशी लागली.

"मला हे आवडत नाही हं," ग्लेनिस म्हणाली. तिने काळा चष्मा घातला होता आणि मांडीवर बिस्किटांचा डबा होता.

"मग आलीस कशाला?"

"तुला गाडी चालवू दिली असती तर त्याच्या अंगावर घातली असतीस."

क्लाइव्ह क्लबाच्या फाटकावरून गेला. गती कमी झाली, थांबतोय की काय असं वाटलं, पण थांबला नाही. सरळ अव्होकाच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना मार्चमधलं वाळलेलं गवत. नोलीन मनात त्याच्याशी भांडत होती, घर कोणाचं, टोमॅटो कोणाचे, मुलीला तूच सांगायचं, मी सांगणार नाही.

अव्होकात तो दुकानाच्या मागच्या दाराशी थांबला. डिकीतून खोकं काढलं, आत दिलं. मग बेकरी.

"बघ," नोलीन म्हणाली.

"बघतेय."

तो दोन मिनिटांत बाहेर आला, हातात कागदी पिशवी. विधवा बाई दारापर्यंतसुद्धा आली नाही. तो रस्ता ओलांडून नदीकाठच्या बागेत गेला, बाकावर बसला, पिशवी शेजारी ठेवली. खिशातून वही काढली. आणि वहीत बघून, डोळे मिटून, ओठ हलवायला लागला.

"प्रार्थना करतोय का गं?" ग्लेनिसने विचारलं.

"क्लाइव्ह? तो नाताळालासुद्धा करत नाही."

नोलीन गाडीतून उतरली. गवतावरून चालत अगदी मागे जाऊन उभी राहिली, तरी त्याला चाहूल लागली नाही. तो पुटपुटत होता, "स्वयंपाकघर. पहिला ड्रॉवर, काटे, सुऱ्या, चमचे. दुसरा ड्रॉवर, सोलाणं एक, कात्री एक, डबा उघडायचं..." इथे तो अडला. डोळे उघडून वहीत बघितलं. "डबा उघडायचं एक."

"कोणाची वाट बघतोयस?" नोलीनने विचारलं. हे वाक्य तिने वाटेत तयार केलं होतं आणि आता ते बदलायला वेळ नव्हता.

क्लाइव्ह दचकला. तिच्याकडे बघून त्याने वही मिटली, पुन्हा उघडली.

"तुझ्या दुकानात गेले का गोळे?" त्याने विचारलं.

"गेले."

"तू सांगितलं होतंस का मला? की इकडचं तिकडे जातं?"

"दहादा."

"हां," तो म्हणाला. "हेच ते."

ती बाकावर बसली. मधे व्हॅनिला स्लाइसची पिशवी.

"मागच्या मोसमात मी दुसऱ्याचे गोळे टाकत होतो," क्लाइव्ह म्हणाला. "दोनदा. आपले कुठले तेच कळेना. कोणी ओरडलं नाही. सगळे गोडीने बोलले, पाठीवर हात ठेवून. ओरडले असते तर गेलो असतो मी परत." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग इथल्या डॉक्टरकडे आलो. मेंदूचं आहे. वाढत जाणार म्हणतात, सावकाश."

"आणि सोलाणी?"

"तीन होती ना. एक दिवस तिन्ही हातात घेऊन उभा होतो, तू मागितलं होतंस म्हणून. कुठलं द्यायचं, कशाचं असतं, काही सुचेना. तू आलीस नि हातातून एक घेऊन गेलीस. तुला वाटलं, मी गंमत करतोय." तो थोडा हसला. "आता एकच आहे. एक असलं की चुकायला जागा नाही, नोली. शर्ट पाच. थर्मास एक. जे उरेल ते पाठ करतोय. तेवढं राहील असं वाटतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांचे खिसे बघतेस. म्हटलं, जेवढे दिवस तुझ्या हाती लागत नाही, तेवढे दिवस आपण बरे."

नोलीनला रडू आलं नाही, राग आला. विधवेचा राग आला, जिने काहीच केलं नव्हतं. मामला तिचाच असता तर किती बरं झालं असतं. तिच्या दारात जाऊन भांडता आलं असतं, केस धरता आले असते, क्लाइव्हला कानाला धरून घरी नेता आलं असतं. इथे कोणाच्या दारात जायचं?

"किल्ली दे," ती शेवटी म्हणाली.

"गाडी येते मला अजून."

"माहितेय. मला चालवावीशी वाटतेय."

त्याने ती किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि हात लगेच काढला नाही. रस्त्यापलीकडे ग्लेनिसने काळा चष्मा काढला होता आणि ती डोळे पुसत होती. तिला इथलं एक अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. घरी जाताना वाटेत नोलीनने त्याला वही वाचायला लावली आणि खोली खोलीने सगळं ऐकून घेतलं. बैठकीच्या खोलीत तो दोनदा अडला. तिने सांगितलं नाही, थांबली, मग त्याला आठवलं.

त्यानंतर आवरण्याचं काम दोघं मिळून करू लागले, शनिवारी, नाश्त्यानंतर. तो खोकं धरायचा, ती वस्तू काढायची. एकसारख्या दोन असतील तर एक जायची. नोलीनला प्रत्येक वस्तूवर अजूनही शंका असे, आणि ही कशाला जातेय यावरून भांडणही होई. क्लाइव्हला तिच्याशी भांडायला आवडायचं. भांडताना तो चुकत नसे.

हिवाळा सुरू झाला तेव्हा ते पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटापाशी पोचले होते. नोलीन खाली बसून चादरी मोजत होती. क्लाइव्हने वरच्या दांडीवरून एक हिरवा लोकरी कोट काढला, झटकला, उजेडाकडे धरला.

"हा कोणाचा?" त्याने विचारलं. "लोकर चांगली आहे. दान द्यायला जीव नाही होत."

लग्नानंतर पहिल्यांदा दोघं समुद्राकडे गेली होती. वारा बोचरा होता आणि नोलीन थंडीने कुडकुडत होती, तेव्हा त्याने भर बाजारात दुकानाच्या खिडकीतल्या बाहुल्याच्या अंगावरचा हा कोट उतरवून घेतला होता. नंतर वर्षभर तो मित्रांना ती गोष्ट सांगत असे.

नोलीन चादरी तशाच ठेवून उठली. काय सांगायचं ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, भीती नव्हती, चांगली वस्तू हाती लागल्याचा आनंद होता.

"कोण जाणे," ती म्हणाली. "बघू, मला होतोय का."

त्याने कोट मागून धरला. तिने एक हात घातला, मग दुसरा. खांद्यात बसला, पोटावर बटण काही लागेना. क्लाइव्ह दोन पावलं मागे सरकला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"शोभतोय तुला," तो म्हणाला. "घेऊन टाक."