भांडी बाजारात नाव घातलेले चार रॉड

मी एक जुना कनेक्टिंग रॉड आहे, आणि आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर राहिलं. अठरा वर्षं इंजिनाच्या पोटात काढली आहेत मी, मला कुणाच्या शिफारशीची गरज नाही.

मित्रांनो, तुम्ही सायकल चालवता तेव्हा गुडघा वरखाली होतो आणि पायडल गोल फिरतं. त्या दोघांच्या मधली तुमची नडगी असते ना, गाडीच्या इंजिनात तो मी. गुडघ्याच्या जागी तिथे पिस्टन असतो. लालभडक तापलेल्या लोखंडावर घणाचा घाव घालून मला घडवलं. तो घाव असा बसला की शेजारच्या तीन कारखान्यांतले चहाचे कप तडकले. आम्ही चार भाऊ, चौघांचं वजन सारखं. भाऊ पुढे भंगारात गेले. माझ्या डोक्यावरचा पिस्टन मात्र अजून आहे. त्याला गॅरेजच्या टेबलावर उलटा ठेवलाय आणि पोटात पेनं खोचली आहेत. मी बोलत असलो की तो गप्प बसून ऐकतो. त्याचं ते गप्प बसणं मला आवडत नाही.

आमची गाडी आधी लासलगावच्या यादवशेठकडे होती. ते कांद्याचे व्यापारी. एकदा नामपूरच्या लिलावाला उशीर झाला म्हणून त्यांनी त्या इवल्याशा गाडीत अकरा गोणी आणि चार माणसं कोंबली. राहुड घाटात इंजिनातलं तेल संपलं. तेल नसेल तर रॉड पाच मिनिटांत जळतो. मी घाट पार केला तो कांद्याच्या रसावर. मागच्या सगळ्या गाड्यांचे ड्रायव्हर डोळे पुसत होते. यादवशेठ उतरले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "इंजिन हाय का बैल हाय?" एवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

पुढे गाडी म्हातारी झाली आणि इंदिरानगरच्या तनयने ती घेतली. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा गोड स्वभावाचा मुलगा, पण डोक्यात शर्यत शिरलेली. ऐंशी हॉर्सपॉवरच्या इंजिनातून त्याला तीनशे हवे होते. त्यासाठी तो गाडी घेऊन अंबड लिंक रोडवर रोहिणीताईच्या गॅरेजमध्ये आला.

या गॅरेजच्या पाटीवर अजून तिच्या वडिलांचं, धोंडीराम मिस्त्रींचं नाव आहे. ते गेल्यावर दोन वर्षं लोक आत डोकावून विचारायचे, मिस्त्री कुठे आहेत, आणि ती हातात पाना घेऊन समोरच उभी असायची. शर्यतीचं इंजिन तिच्याकडे कुणी पहिल्यांदाच दिलं होतं. ते टिकलं तर लोक तिला मिस्त्री म्हणणार होते. फुटलं तर त्या क्षणी तनय आत बसलेला असणार होता.

तिने इंजिन उघडलं, मला बाहेर काढलं, पुसलं आणि म्हणाली, "याने खूप केलं. पण तीनशे याला झेपायचे नाहीत." पाचशे झेपले असते मला. पण आम्हाला विचारतो कोण? तिने मला दाराला टेकण म्हणून लावलं. तनयचे मित्र माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. एकाने माझ्या भोकात अडकवून सोड्याची बाटली उघडली. मला पोट नाही म्हणून, नाहीतर तिथेच ओकलो असतो.

आणि नव्या रॉडची ती निवड! आठवली तरी शिसारी येते.

पहिलं खोकं आलं ते काळं, आत मखमल, वर सोनेरी अक्षरांत 'हजार हॉर्सपॉवर'. रॉड आरशासारखे चकचकीत. मित्रमंडळींनी त्यात बघून भांग पाडले, फोटो काढले, फोटो पाठवले. रोहिणीताईने चारही रॉड वजनकाट्यावर ठेवले. चौघांची चार वजनं, दोघांत तर अकरा ग्रॅमचा फरक. मिनिटाला सात हजार फेऱ्या मारणाऱ्या इंजिनात अकरा ग्रॅम म्हणजे पोटात ठोके घालणारा हातोडा. बोल्ट तर असे की खाटेला लावावेत, आणि रॉड फुटतो तो बहुतेक वेळा बोल्टपाशीच.

दुसरा संच एका मित्राने सुचवलेला. ट्रकला शोभेल असा जाडजूड. जाड ते मजबूत, असं त्याचं ठाम मत. अरे बाबा, पिस्टन वर गेला की त्याला खाली ओढून आणायचं काम रॉडचं. त्या ओढाओढीत रॉड ताणला जातो, आणि जो स्वतःच जड तो स्वतःच्याच वजनाने जास्त ताणला जातो. त्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर दीडशे जण सल्ले देत होते. त्यातल्या किती जणांनी जन्मात रॉड हातात धरला होता, हे मी त्यांच्या बोलण्यावरून मोजलं. एकानेही नाही.

तिसरं खोकं साध्या पुठ्ठ्याचं. आत चार करडे, निस्तेज रॉड. रोहिणीताईने वजन केलं, भोकं मापली, बोल्ट भिंगाखाली धरले. दुपारभर तिचं हेच चाललं होतं. मग म्हणाली, "हेच." तनयचं तोंड एवढंसं झालं. दिसायला काहीच नाहीत, ताई, असं तो म्हणाला. दिसायला आत कोण जाणार आहे, असं तिने विचारलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण इंजिनात घालण्याआधी चारही रॉड देवापुढे ठेवायचे म्हणून तनय ते घरी घेऊन गेला. त्याचे वडील ढुंढिराजकाका गोदाकाठी यात्रेकरूंची पूजा सांगतात. माणूस प्रेमळ. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, ते मी समजू शकतो, ते पुसता येतं. मग त्यांच्या मनात आलं, घरात साधा तांब्या आला तरी आपण त्यावर नाव घालतो, आणि एवढी मोलाची वस्तू बिननावाची? शिवाय गॅरेजमध्ये माल बदलतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. ते भांडी बाजारात गेले. मशीनची अक्षरं पुसट येतात म्हणून मुद्दाम छिन्नीवाला म्हातारा शोधून काढला. आणि त्या चार निर्दोष रॉडच्या ऐन कमरेवर टिंबाटिंबांनी ठोकून घेतलं: पहिल्यावर 'चि. तनय यांस शुभाशीर्वाद', दुसऱ्यावर बायकोचं नाव, तिसऱ्यावर मुलीचं, चौथ्यावर ॐ आणि तारीख.

मित्रांनो, शाम्पूच्या पुडीच्या कडेला एक बारीकशी खाच असते. ती नसेल तर पुडी दातांनीही फाटत नाही, आणि असेल तर बोटांनी सर्रकन फाटते. रॉडवर छिन्नीचं एक टिंब म्हणजे तशी एक खाच. काकांनी शेकडो मारून घेतली होती. घासून काढावीत, तर धातू कमी होऊन रॉड अशक्त होणार. खोकं उघडलं तेव्हा मला त्या भावंडांकडे बघवेना. कसायानेसुद्धा आधी विचारलं असतं.

तनय कौतुकाने म्हणाला, "ताई, बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतलं." रोहिणीताईने ॐवरून अंगठा फिरवला आणि खोकं मिटलं. दोन दिवस ती दुसऱ्याच गाड्यांची कामं करत राहिली. शर्यत रविवारी होती. रॉड वाया गेले म्हणावं, तर काकांना वाटणार, नवा संच खपवायचा हिचा डाव आहे, माल बदलणारं गॅरेज म्हणतात ते हेच. गप्प बसून बसवावेत, तर कुठल्या वळणावर ते फुटतील, याचा नेम नाही. शनिवारी सकाळी काका स्वतः गॅरेजमध्ये आले, आपली अक्षरं इंजिनात बसताना बघायला. ती टेबलाशी उभी. खोकं समोर, अजून मिटलेलंच.

आणि इथे, मित्रांनो, मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम केलं. मी दाराशी होतो. मी अंग आवळलं, अठरा वर्षांचा जोर गोळा केला आणि उडी मारली. काकांच्या टोपीवरून, वजनकाट्यावरून, थेट त्या खोक्यावर. खोकं टेबलावरून फरशीवर, चारही रॉड वाकले, दोन मोडले. अपघात म्हटल्यावर कुणाला काय बोलता येणार? तिला एक शब्द उच्चारावा लागला नाही. नवा संच आला, गाडी पुढच्या महिन्यातल्या शर्यतीत धावली, तनय हसत घरी गेला. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्यावर चहाचे कप ठेवू नका, कारण ऐन वेळी त्याच...

"पुरे," पिस्टन म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "खोकं पडलं नाही आणि तू जागचा हलला नाहीस. तू दाराबाहेर होतास. टेबलावर मी होतो. तिने काकांना खुर्ची दिली, रॉड त्यांच्याच हातात ठेवला आणि म्हणाली, 'काका, हे मी बसवणार नाही. नाव घातलंय तिथूनच हे फुटतील, आणि आत तनय असेल. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर इंजिन दुसरीकडे न्या, पण हे कुणालाही बसवू देऊ नका.' काका बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, 'नवे मागव, बाळ. आणि खोकं परस्पर इथेच येऊ दे. माझ्या हाती लागू देऊ नकोस.'"