बरणीतला दिवा

लोणच्याची प्लास्टिकची बरणी. छोटं पितळी कुलूप. चिपळूणचं लग्न. भर दुपारचा अंधार. शांताबाईंचा खुबा.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध माझ्यापाशी आहे. मी गोवंडीच्या एका इमारतीतला, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरचा जुना, काळा होल्डर आहे. बल्बची मान माझ्या तोंडात असते.

कुर्ल्याच्या एका गाळ्यात मी साच्यातून निघालो. झोपड्या पाडून ही इमारत उभी राहिली तेव्हा मला इथल्या छताला बसवलं. शेजारची इमारत इतकी खेटून आहे, की जिन्यात दुपारीही दिवा लागतो. सुरुवातीला लोक मान वर करून म्हणायचे, "झकास उजेड आहे." मला फार बरं वाटायचं.

मग बल्ब चोरीला जाऊ लागले. समोरच्या खोलीतल्या भीमराजने युक्ती काढली. त्याने एक रिकामी बरणी खालून माझ्याभोवती बसवली आणि तिला कुलूप लावलं. त्याची आई शांताबाई. त्यांना कमी दिसायचं, म्हणून त्याचा एवढा खटाटोप. चोऱ्या थांबल्या. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

पण बल्ब मरू लागले.

एलईडी बल्ब पुढून थंड दिसतो, पण त्याच्या मानेत ऊब साठते. ती बाहेर पडली तर तो जगतो. बरणीत तिला वाटच नव्हती. आतले बारीक भाग शिजायचे. आधी तो थरथरायचा, मग करपट वास सुटायचा, मग काही नाही. भीमराज कामावरून येऊन कुलूप काढेपर्यंत सगळं गार झालेलं असायचं. जळण्याचं कारण कुणाच्या हाताला लागतच नव्हतं.

सोसायटीचं काम बघणारा राजाराम एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "भीमराज, चावी तुझ्याकडे. बल्ब तुझ्याच हातात मरतो कसा रे?"

"माल डुप्लिकेट येतो, यार."

"आमच्या घरात तोच माल आहे. वर्ष झालं, चालतोय ना."

खालच्या मजल्यावरची माधुरी पुटपुटली, "चांगले घरात, जळके जिन्यात."

शांताबाई दारातूनच म्हणाल्या, "ये गं, बघून जा. दीड खोलीत किती दिवे लावणार आम्ही? मोरीत चार लावलेत का, तेही बघ."

भीमराजने चावी राजारामच्या हातावर ठेवली. "आता तुम्हीच बघा उजेडाचं."

पुढचा बल्ब गेला तेव्हा राजाराम लग्नासाठी चिपळूणला होता आणि चावी त्याच्या खिशात होती. शांताबाई म्हणाल्या, "फोड ना रे ती बरणी."

"हात लावला तर चोर म्हणतील, आई. येऊ दे त्याला."

त्याने मोबाइलची बॅटरी कशी लावायची, ते आईला शिकवलं. पण राजाराम यायच्या आधीच एका दुपारी दळण आणायला निघताना त्यांच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात कठडा. बॅटरी धरायला हात उरला नव्हता. आधी डबा वाजला. मग त्या.

खुबा मोडला. त्या अंथरुणावरून उठल्याच नाहीत. पावसाळा संपता संपता चौघांनी त्यांना खांद्यावरून खाली नेलं.

त्यानंतर आणखी एक बल्ब गेला, तेव्हा एका दुपारी राजाराम नवा लावून, बरणी बसवून गेला. बऱ्याच वेळाने त्याला आठवण झाली, कुलूप राहिलं. ते लावताना त्याचा हात बरणीला लागला आणि त्याने तो झटकन मागे घेतला.

"भीमराज," तो दाराकडे बघत म्हणाला, "ही तापलीय."

"मग?"

राजारामने कुलूप खिशात टाकलं. त्याने बरणी काढली, काखेत धरली आणि खाली गेला. माफी कुणी मागितली नाही. तो बल्ब अजून चालू आहे.

मित्रांनो, दिवा जपायचा म्हणून त्याला कोंडू नका. त्याच्या मानेभोवती हवा खेळू द्या. आणि तो विझला, तर माणसावर बोट दाखवण्याआधी हात वर करून बघा, तिथे काय तापलंय.

बरणी बसवली त्या दिवशी भीमराजच्या पायाखालचं स्टूल हलत होतं. ते शांताबाईंनी दोन्ही हातांनी धरलं होतं.