ठिपक्याची राखण

निघताना मृण्मयी घाईत "जाते हं बाबा" म्हणाली आणि उपेंद्ररावांनी तिला उंबऱ्यातच अडवलं.

"जाते नाही. येते म्हण."

"येते," ती हसून म्हणाली, पाठीवरची बॅग सावरली आणि एकटीच निघाली, नारळीच्या झाडांच्या आणि निळ्या पाण्याच्या एका परदेशी बेटावर.

तिच्या एकटीने जाण्यावरून घरात बरंच रामायण झालं होतं. त्या बेटावरच्या चोऱ्यामाऱ्यांबद्दल उपेंद्ररावांनी इतकं वाचून ठेवलं होतं, की तिथल्या हवालदारालाही तेवढं ठाऊक नसावं. शेवटी बापलेकीत तह झाला. तिने फोनवर आपलं लोकेशन चालू ठेवायचं, त्यांनी फक्त बघायचं. फोन नाही, मेसेज नाही. संध्याकाळी हॉटेलात परतली की "पोचले" एवढं ती स्वतःच लिहील.

बघत बसणं त्यांना काही नवं नव्हतं. पाटबंधारे खात्यात उभा जन्म धरणाच्या पाण्याची पातळी बघण्यात गेला होता. गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांनी आरामखुर्ची टाकली आणि मांडीवर फोन ठेवून ते त्या बेटावर राहायला गेले. म्हणजे देह नाशकातच होता, पण विचाराल तर किनाऱ्यावरचं शहाळ्यांचं दुकान कुठे, देऊळ कुठे, अंधारी गल्ली कुठली, हे ते डोळे मिटून सांगू शकले असते.

आज दुपारी नकाशावरचा तिचा निळा ठिपका किनाऱ्यावर बराच वेळ पहुडला होता. उपेंद्ररावांनाही पेंग आली. जाग आली तर ठिपका चालायला लागलेला. हॉटेलकडे नव्हे, भलतीकडेच.

"अगो, तिकडे कुठे?" ते पुटपुटले.

ठिपका बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरला, तसे ते खुर्चीत ताठ बसले. फोन करावा? पण शब्द दिला होता. शब्द मोडला तर पुढच्या खेपेला ती काहीच सांगायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी फोन घट्ट धरला आणि मनानेच ठिपक्याच्या मागोमाग निघाले.

गल्ली संपली आणि नदी लागली. आपल्या गंगेसारखीच, गोदावरीसारखीच, पण हिरवीगार. काठाने पायवाट, दोन्हीकडे केळी, पाण्यात पडलेलं संध्याकाळचं ऊन. ओले केस पाठीवर सोडून मृणू पुढे चालली होती आणि हे चार पावलं मागे. मध्येच ती लहान झाली, फ्रॉक घातलेली. कुंभमेळ्याच्या गर्दीत त्यांचं बोट धरून ती असंच पुढे ओढायची. ते तिला सांगत होते, सावकाश, घसरशील. काठावर कुणी भेटलं तर मान खाली घाल आणि चालत राहा. देवा, हिला नीट घरी पोचव.

"अहो, भाकरी गार होतेय," उत्तराबाई आतून म्हणाल्या.

"पोचू दे तिला."

या माणसाची ही आईकडून आलेली रीत. प्रवासातलं माणूस मुक्कामी पोचल्याचं कळेपर्यंत पानावर बसायचं नाही. उत्तराबाईंनी ताट झाकलं आणि त्याही शेजारी येऊन बसल्या.

ठिपका नदीकाठच्या एका एकट्या घरापाशी थांबला. थांबला तो थांबलाच. कुणाचं घर ते? आत कोण आहे? शेवटी तह गेला खड्ड्यात म्हणून त्यांनी फोनवर तिचं नाव काढलं, तोच परदेशातल्या अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"बाबा, मी. घाबरू नका, हॉटेलातून बोलतेय. माझा फोन चोरीला गेला. दुपारीच. पोहायला उतरले आणि कुणीतरी पिशवी उचलली."

"दुपारी? मग आत्ता नदीवरून कोण गेलं?"

"चोर गेला असेल."

जिच्यासाठी जीव टाकला ती परक्या मुलखात एकटीच फिरत होती, आणि उपेंद्ररावांनी सगळी दुपार एका चोराला सांभाळून घरी पोचवलं होतं! त्याच्यासाठी उपाशीसुद्धा राहिले होते.

"पासपोर्ट कुलपात आहे. पोलिसांत जाऊन आले. नुसती काळजी नको म्हणून सगळं उरकून फोन केला," ती सांगत होती. "तुमचा नंबर तेवढा पाठ होता. कुंभमेळ्यात हरवू नये म्हणून तुम्ही चालीवर शिकवला होता, आठवतं? रस्ताभर तीच चाल म्हणत आले."

आणि तिने तो नंबर गाऊन दाखवला, चार वर्षांच्या पोरीच्या लयीत. उपेंद्ररावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मग त्यांनी ते घर कुठे आहे ते नीट सांगितलं. "पोलिसांना सांग. तू मात्र तिकडे—"

"जाणार नाही. कळतं मला, बाबा."

"हो. कळतं तुला," ते म्हणाले.

"उद्या साधा फोन घेते. परत लोकेशन पाठवू?"

उत्तराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "पोचलीस की कळव, बस."

"बरं. येते हं," ती म्हणाली.

उपेंद्ररावांनी फोन ठेवला, हात धुतले आणि ते पानावर बसले.