लाल दिवा अडकलेला हेडफोन

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. हेडफोनचं काम ऐकायचं. ऐकलेलं चारचौघांत सांगत सुटलो तर उद्या मला डोक्यावर कोण घेईल? पण माझा एक दोस्त आहे, खरखऱ्या. तो हात धुऊन मागे लागला. "लिही रे. आपण दोघं भंगारात गेलो की हे कुणाला कळायचं पण नाही." त्याच्याबद्दल पुढे सांगतोच. तर लिहितोय. सुचेल तसं, तुकड्या-तुकड्यांत.

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. वायरवाला. डाव्या कानाचा स्पंज उसवलाय, माइकची दांडी जरा वाकडी आहे आणि वायरवर एक छोटा लाल दिवा आहे. तो कधीच विझत नाही. लोकांना वाटतं हा बिघाड आहे. आहेच. पण माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं, ते या बिघाडामुळे.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही एकामागोमाग एक पुढे जायचो, आणि शेवटी एक बाई बसलेली असायची. ती प्रत्येकाला कानाला लावायची आणि म्हणायची, "हॅलो, ऐकू येतंय का?" बोलायची पण तीच, ऐकायची पण तीच. दिवसभर. माझ्या कानात पडलेले पहिले शब्द हेच. त्या बाईचा चेहरा आता आठवत नाही, आवाज आठवतो. तिचे उपकार आहेत. तिने मला नापास केलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

मग एका सॉफ्टवेअर कंपनीने आम्हाला खोकंभर विकत घेतलं. मी मास्तरांच्या वाट्याला आलो. मास्तर शाळेत शिकवायचे नाहीत हां. ते प्रोग्रामर. पण कुणी काही चुकलं की ते खुर्ची फिरवून समजावून सांगायला लागायचे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं.

त्यांनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. कुठल्या हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये कुठल्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, ते त्यात दिसायचं. एक आकडा चुकला तर पिशवी भलत्याच गावाला जायची. म्हणून मास्तरांनी एक पद्धत घालून दिली होती. चालू सिस्टीमला हात लावायच्या आधी काय करणार ते दुसऱ्या माणसाला मोठ्याने सांगायचं. "आधी बोलून दाखव, मग हात लाव." एकट्याने काही करायचं नाही. मास्तर स्वतःसुद्धा करायचे नाहीत. शेजारच्या टेस्टरला बोलावून त्याला ऐकवायचे. टेस्टर म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणारा. तो वैतागायचा. "मास्तर, मला यातलं ओ का ठो कळत नाही."

"कळू नको दे. ऐक. बोलताना माझी चूक मलाच सापडते."

किती चांगले दिवस होते ते! मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग एक दिवस मोठ्या साहेबांनी मीटिंग घेतली. हे काम आता दुसऱ्या देशातली टीम करणार, तिकडे खर्च कमी येतो. मास्तरांनी त्या टीमला फोनवर शिकवायचं. "शिकवून झालं की मग बघू," साहेब म्हणाले. त्या "मग बघू"चा अर्थ तिथल्या खुर्च्या-टेबलांना पण कळला.

तेव्हा कॅन्टीनच्या टीव्हीवर रोज हाच वाद चालायचा. कंपनीच्या गेटबाहेर पाट्या घेऊन माणसं उभी राहायची. एक जण म्हणायचा, बाहेरचे व्हिसा काढून येतात, कमी पगारात राबतात आणि आमची पोरं घरी बसतात. दुसरा म्हणायचा, हुशार माणसं येऊ दिली नाहीत तर कंपन्याच उठून जातील, मग बसा बोंबलत. मला दोघांचंही थोडं थोडं पटायचं. पण दोघं एकदमच बोलायचे. आणि माझ्या धंद्यात दोघं एकदम बोलले की नुसती कचकच ऐकू येते.

पहिल्या फोनच्या दिवशी मास्तर गाल फुगवून बसले होते. तिकडून आधी नुसती खरखर आली. मग एका बाईचा आवाज, "हॅलो, ऐकू येतंय का?"

माझ्या अंगावर काटाच आला. तेच शब्द! आणि ती खरखर म्हणजे माझा दोस्त. तिच्या डोक्यावरचा हेडफोन, खरखऱ्या. आमची ओळख ती अशी.

ती बाई घरून काम करायची. मागे कुकरच्या शिट्ट्या, शेजाऱ्यांची ठोकाठोक आणि तिच्या सासूबाई. आणि ती सारखी विचारायची, का?

"सर, पिशवी आधी राखून का ठेवायची? सरळ पाठवली तर?"

"मी सांगतोय म्हणून."

"ते झालं सर. पण का?"

टेस्टरने तिचं नावच पाडलं, काबाई. मास्तर तोंडाने चिडायचे, पण पुढच्या दिवशी उत्तराची तयारी करून यायचे. एकदा शिकवणी फारच लांबली तर मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, त्या सरांना म्हणावं, माणसं जेवतातसुद्धा!" मास्तरांना हसू आवरेना. दांडी ओठांपासून लांब धरून हसले. मला कळलंच.

आता दिव्याचं ऐका. माझं एक बटण आहे. ते दाबलं की लाल दिवा लागतो, म्हणजे आपला आवाज पलीकडे जात नाही. एकदा टेस्टरच्या हातून गरम चहा सांडला, थेट माझ्या बटणावर. तेव्हापासून दिवा जो लागला तो लागलाच. आवाज मात्र पलीकडे छान जात होता. मास्तरांना याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी फोन चालू असताना टेस्टरने विचारलं, "काय मास्तर, शिष्या काय म्हणते?" मास्तरांनी बटण दाबून माझ्याकडे पाहिलं. दिवा लाल. मग काय, सुटलेच.

"शिष्या कसली! स्वतःची खुर्ची स्वतः पुसून देतोय मी. वर विचारते, का? अरे, का म्हणजे? तुम्ही स्वस्तात पडता म्हणून!"

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, मास्तर, थांबा! पण हेडफोनचं कोण ऐकतंय?

कुकरसुद्धा गप्प. मग काबाई हळूच म्हणाली, "सर, तुमचा आवाज येतोय."

मास्तरांनी दिव्याकडे पाहिलं. बटण दोनतीनदा दाबलं. दिवा तसाच.

मागून सासूबाई बोलल्या, "बरं झालं बाई, बाहेर पडलं. पोटात ठेवून माणसाला दुखणंच येतं."

"सर," काबाई म्हणाली, "स्वस्त आहोत हे खरंय. पण आमच्याहून स्वस्त पण कुणीतरी आहे. वर्ष संपलं की आमची टीम बंद होणार, काम तिसरीकडे जाणार. मग मीही असंच कुणाला तरी शिकवत बसेन."

मास्तरांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग एवढं मन लावून का शिकतेस?"

"बघा, आता 'का' तुम्ही विचारलंत." ती हसली. "तुम्ही चांगलं शिकवता म्हणून. चिडता, पण शिकवता."

मास्तरांनी मला काढून टेबलावर ठेवलं. चष्मा पुसला. परत मला डोक्यावर घेतलं आणि म्हणाले, "चुकलो मी. चल, कुठे होतो आपण?"

साहेबांनी नवीन हेडफोन देऊ केला तर मास्तर म्हणाले, "नको. हाच बरा. आपलं बोलणं कुणी ऐकत नाही असं समजू नये, एवढं तो लक्षात आणून देतो." मित्रांनो, बिघडलेल्या वस्तूला असं कुणी ठेवून घेतं का? मी मास्तरांचा जन्मभर ऋणी आहे.

पुढे कंपनीने ठरवलं की त्या टीममधलं एक माणूस इथेच आणून बसवायचं. काबाईच्या व्हिसासाठी अर्ज गेला. व्हिसा मिळाला तर तिची नोकरी टिकणार. नाही मिळाला तर टीमबरोबर तीही घरी. आणि ती आली तर मास्तरांच्या खुर्चीवर बसणार, हे सगळ्यांना उघड दिसत होतं.

एका दुपारी व्हिसा कचेरीतून मास्तरांना फोन आला. तिला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून चौकशी. येणार हे माहीत होतं. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "इथे हे काम येणारं कुणी नाही, असं सांगून मोकळे व्हा. तरच व्हिसा मिळतो." टेस्टर कानाशी लागला होता, "तुम्ही स्वतः आहात म्हणून सांगा. घरदार बघा, मास्तर."

अधिकारीण बाईंचा आवाज कोरडा होता. "तिला काम येतं?"

"माझ्याहून बरं येतं."

"मग सांगा, हे काम करणारं आपल्या देशात कुणीच नाही का?"

मास्तरांच्या कानशिलाची धडधड मला ऐकू येत होती.

"आहे," ते म्हणाले. "मी आहे."

संपलं, मी मनात म्हटलं. काबाईचं संपलं.

"मग ती कशाला हवीय?"

"मॅडम, आमच्याकडे एक पद्धत आहे. एकाने बोलून दाखवायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग सिस्टीमला हात लावायचा. रक्ताचा मामला आहे. माझं ऐकून 'का' विचारणारं माणूस मला इतक्या वर्षांत एकच भेटलं. ती माझ्या शेजारी हवी. आणि उद्या मला काढलं, तर तिच्या शेजारी पण कुणीतरी लागेल. तेवढं लिहून घ्या."

पलीकडे टकटक ऐकू आली. बाई लिहून घेत होत्या. "फोनवर लोक सहसा इतकं खरं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय करणार, माझा दिवा बिघडलाय."

"काय?"

"काही नाही, मॅडम."

मग वाट बघणं सुरू झालं. रोज फोन लागला की मास्तर आधी विचारायचे, "काही आलं?" आणि काबाई म्हणायची, "नाही, सर." एक दिवस त्यांनी विचारायच्या आधीच सासूबाईंनी खरखऱ्या हिसकावून घेतला. "सर, आला व्हिसा! आमच्या सुनेला पाठवतेय. जेवलीस का, तेवढं विचारत जा. कामात असली की हिला भूक कळत नाही."

ती आली. मास्तरांच्या शेजारी दुसरी खुर्ची लागली. तिने आधी मला उचललं. "हाच का तो?" मग पिशवीतून सासूबाईंची लोकरीची टोपी काढली, आणि तिच्यात गुंडाळलेला कोण? खरखऱ्या! इतके दिवस एकमेकांना नुसतं ऐकलं होतं. माझ्याहून काळा, माझ्याहून फाटका. मी म्हटलं, "ऐकू येतंय का?" तो म्हणाला, "अरे, आता तरी हळू बोल."

खोटं सांगणार नाही. पुढे कंपनीने मास्तरांना काढलंच. टेस्टरला काबाईच्या शेजारी बसवलं, ऐकायला. मास्तर काही दिवस घरी होते. मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीने त्यांना बोलावून घेतलं, हीच सिस्टीम सांभाळायला. जाताना त्यांनी मला काबाईच्या हातात दिलं. "वायर ओढू नकोस," एवढंच बोलले. आता तिकडून त्यांचा फोन येतो.

"आधी बोलून दाखव."

"का?"

"मी सांगतोय म्हणून!" आणि दोघं हसतात. शेजारी टेस्टर कपाळाला हात लावतो.

टीव्हीवरचा वाद अजून चालूच आहे. चालू दे. मी त्या कारखान्यातल्या बाईचे, त्या सांडलेल्या चहाचे, मास्तरांचे आणि काबाईचे आभार मानतो. मित्रांनो, तुमच्याकडे हेडफोन असेल तर त्याची वायर आवळून गुंडाळू नका. आणि ज्याच्याबद्दल बोलताय तो पलीकडे ऐकतोय असं समजूनच बोला. मग बघा, बोलणं किती बदलतं.

मध्यंतरी खरखऱ्याची वायर आतून तुटली. काबाईने त्याला फेकून दिलं नाही. टोपीत गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. दुपारच्या सुट्टीत सासूबाईंचा फोन आता माझ्यातून येतो, आणि खरखऱ्याचा जीव खालीवर होतो. त्यांचा खोकला, त्यांचं "अगं", सगळं त्याने जन्मभर वाहिलंय.

तर ऐक, दोस्ता. तुझ्या सांगण्यावरून लिहिलं सगळं. आता माझा शब्द घे. सासूबाई बोलतील ते मी काबाईच्या कानापर्यंत पोचवीन, खोकल्यासकट. काही गाळणार नाही. आणि फोन संपला की ती मला तुझ्या ड्रॉवरवरच ठेवते ना, तेव्हा फटीतून तुला सांगेन, त्या आज काय म्हणाल्या. रोज सांगेन. हळू आवाजात.