रोजची खंडेनवमी

गोरक्ष पुणतांब्याचा. तीन वर्षं त्याने संस्थेच्या इंजिनिअरिंग कॉलेजात डिप्लोमा केला आणि दर सहामाहीला वर्कशॉपची वेगळी फी भरली. कसलं वर्कशॉप डोंबलाचं! लेथ मशीन एकच, तेही ताडपत्रीखाली. वीज येणार आहे, असं प्रिन्सिपल तिन्ही वर्षं सांगत होते. पोरांनी मागच्या वर्गाची जर्नलं उतरवली आणि पास झाली. ताडपत्री निघायची ती फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी मशीनला हळद-कुंकू, झेंडूची माळ, पोरांना पेढे.

नोकरी मात्र हमखास, हे प्रिन्सिपलचं छातीठोक बोलणं. तशात साखर कारखान्याला हंगामाआधी लेथ चालवणारा टर्नर हवा होता. गोरक्ष कॉलेजात पहिला आलेला, त्यामुळे जागा त्याचीच, असं आई चांगुणा सगळ्या आळीला सांगून बसली होती.

कारखान्यात फोरमनने त्याला लेथपुढे उभं केलं आणि चालव म्हणाला. गोरक्षचा हात मशीनला लागला आणि तिथून सवयीने कपाळाला गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पुढे काय करायचं ते त्या हाताला ठाऊकच नव्हतं.

"पूजा झाली," फोरमन म्हणाला. "आता चालव."

कामगार पोट धरून हसले. जागा राहात्याच्या चौथी शिकलेल्या गड्याला मिळाली.

चारच दिवसांनी खंडेनवमी आली. पहिला आलेला म्हणून प्रिन्सिपलनी गोरक्षलाच नारळ फोडायला बोलावलं. नव्या पोरांचे बाप फीचा दुसरा हप्ता भरायला आले होते, तेही मशीनभोवती उभे राहिले. गोरक्षचं डोकं नुसतं भणभणत होतं. नारळ हातात घेऊन तो म्हणाला की सर, आधी मशीन सुरू करा, या मंडळींना बघू द्या.

प्रिन्सिपल हसले. "अरे, खंडेनवमीला मशीन चालवत नसतात. आज त्याला विश्रांती."

"मग तीन वर्षं रोजच खंडेनवमी हुती का, सर?"

कुणी हसलं नाही. कोल्हारहून आलेले आसाराम नावाचे एक बाप पुढे झाले आणि वाकून मशीनच्या मागे पाहू लागले. तिथे वायरच नव्हती. त्यांनी हातातल्या नोटा बंडीच्या खिशात घातल्या आणि पोराला चल म्हणाले. त्यांच्यामागे दुसरे निघाले, मग तिसरे.

गोरक्षला नोकरी मिळाली नाही ती नाहीच. पण त्या दिवशी फीच्या टेबलाशी कारकून संध्याकाळपर्यंत पावतीपुस्तक उघडून एकटाच बसला होता.