चादरीचं दुसरं टोक

ओल्या सुताचा वास. उजव्या खणात अडकलेली पांढरी चिंधी. पदराआड हसणाऱ्या चार बायका. चादरीला टोकं चार, माणसाला हात दोन.

मित्रांनो, मी टेबल आहे. जुना झालोय. सुताराने मला दवाखान्याच्या औषधांसाठी घडवलं. पुढे एक पाय डुगडुगायला लागला, तसा मला तळघरातल्या लाँड्रीत ढकललं. धुतलेल्या चादरींचे ढीग माझ्यावर पडू लागले. कितीही लादा, हूं की चूं करत नाही, असं माझं कौतुक व्हायचं. त्या कौतुकाची आज चीड येते.

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. झटकायचं, ताणायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं.

एक बाई नव्याने कामाला लागली. शेवटपर्यंत सगळ्या तिला 'नवी'च म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत एकदा ती माझ्याआड उभी राहून डोळे मिटून प्रार्थना करत होती. लाँड्रीतल्या सगळ्यात जुन्या काकूंनी ते पाहिलं. प्रार्थना त्यांच्यासारखी नव्हती, एवढाच तिचा गुन्हा. दुसऱ्या दिवसापासून नवीच्या समोर कोणी उभं राहीना. कुणाचा खांदा दुखे, कुणाला नेमकी तेव्हाच तहान लागे. ढीग मात्र तिच्या वाट्याला तेवढाच.

मग तिने दोन टोकं माझ्या खणात घातली, खण गच्च लावला आणि मागे सरत चादर ताणली. मी धरली. माणसांनी सोडलेलं टोक लाकडाने धरलं.

एकदा खणातल्या वर आलेल्या खिळ्याला लागून एक चादर फाटली आणि तिची चिंधी आतच अडकली. काकूंनी लगेच ते सुपरवायझरच्या कानावर घातलं. त्याने खणाला कुलूप ठोकलं आणि वर तिलाच सुनावलं, की तू सगळ्यांच्या मागे पडतेस.

"साहेब, मला टेबल नकोच आहे," ती म्हणाली. "समोर माणूस द्या."

"तुझा देव आहे ना? त्याला सांग दुसरं टोक धरायला."

चौघी हसल्या. काकू सगळ्यात आधी.

ती वर मोठ्या साहेबांकडे गेली. जरा सांभाळून घ्या, असं ऐकून परत आली. कुणी कुणाला सांभाळायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. महिना संपताच हात संथ म्हणून तिला काढून टाकलं. हात संथ? दोघींचं काम ती एकटी ओढत होती, आणि ते ओढायला तिला कुणी लावलं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

कुलूप अजून आहे. चिंधीही आत आहे.

आमची निगा राखा, असं वस्तू आत्मकथेच्या शेवटी सांगतात. माझी राखू नका. मला वाळवी लागली तरी चालेल. पण कोणी चादर घेऊन तुमच्यासमोर उभं राहिलं, तर खांदा दुखतोय म्हणू नका. टोक धरा.

नवी कामावर आली त्या पहिल्या दिवशी तिच्या चादरींची दुसरी टोकं दिवसभर काकूंनी धरली होती.